आईच्या छातीशी धरलेला पोळपाट

आईचे कान गेले तेव्हा मी घरातच होतो. तिच्यापासून आठ-दहा पावलांवर, आतल्या खोलीत, दार लावून, माझ्या स्पीकरांसमोर बसलेला. सरकारी नोकरी, ठरलेले तास, मित्र फार नाहीत. चांगला आवाज हा माझा एकच छंद. अ‍ॅम्प्लिफायरमधली बारीकशी घुरघूर मला बाहेरच्या खोलीतूनही कळायची आणि ती काढण्यात मी अख्खा रविवार घालवायचो. आईला हाक ऐकू जात नाही, हे कळायला मात्र मला चार वर्षं लागली. ती टीव्हीचा आवाज वाढवायची, मी बाहेर येऊन तो कमी करायचो. विचारलं एक की ती सांगायची भलतंच, मी चिडायचो. "आई, लक्ष कुठं राहते तुझं?" असं मी तिला किती वेळा म्हटलं असेन, मोजता येणार नाही. शेवटी बायकोच तिला तपासायला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला. कानाचं यंत्र मिळालं, पण त्यातून आईला शब्द कळत नव्हते, नुसता कालवा ऐकू यायचा. पंधरा दिवसांत तिने ते काढून डबीत ठेवून दिलं. तेव्हापासून आम्ही तिच्याशी लिहून बोलतो. ती तोंडाने उत्तर देते.

आई ढोलकी वाजवायची. विहारातल्या बायकांच्या मंडळात गाणारणी बऱ्याच होत्या, ढोलकीवर हात मात्र तिचाच. जयंती जवळ आली की आमच्याच बाहेरच्या खोलीत तालीम चालायची. कान गेल्यावरही ती वंदनेला जात राहिली. सगळ्यांच्या ओठांकडे पाहून ओठ हलवायची. वंदना संपून गाणी सुरू झाली की गुपचूप चपला घालून घरी यायची.

पुढे तिला चक्कर येऊ लागली. दोनदा न्हाणीघरात पडली. हृदयाचे ठोके मंद झाले होते. डाव्या खांद्याखाली, गळपट्टीच्या हाडाच्या जरा खाली, तिला पेसमेकर बसवला. घरी सोडताना दवाखान्यातून एक पुस्तिका मिळाली. ती मी दोनदा वाचली आणि घरात कायदा केला. मोबाइल ब्लाउजमध्ये खोचायचा नाही. चुंबक जवळ आणायचं नाही. फ्रिजवर चिकटवलेले आंबे, पोपट, गॅसवाल्याचा नंबर असलेलं ते लाल सिलिंडर, सगळं मी स्वतः काढून पिशवीत भरलं. बायको म्हणाली, "आई काय फ्रिजले मिठी मारते का?" मी तिला हसू दिलं नाही. एवढा मी काटेकोर होतो. पुढे जे घडलं ते वाचताना हे लक्षात असू द्यावं, म्हणून आधीच सांगतो.

त्या वर्षी जयंतीच्या मिरवणुकीत डीजेचा ट्रक आमच्या गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ अडकला. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मी वैतागून बाहेर आलो तर आई खिडकीच्या गजांना दोन्ही हातांनी धरून उभी. डोळे मिटलेले. तिची मान हळूहळू हलत होती आणि ती बरोबर ठेक्यावर हलत होती.

"वाजून राहिलं," ती म्हणाली. "छातीत येते गा."

मी तिच्या बाजूला उभा राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकच गाणं ऐकत होतो. ट्रक पुढे सरकला तशी तिने गज सोडले आणि तळहातांकडे पाहत राहिली. माझ्या खोलीत एवढी यंत्रं आणि तिच्यासाठी एकही नाही, हे मला त्या क्षणी इतकं लागलं की मी काहीतरी करायचं ठरवून टाकलं.

दुसऱ्याच दिवशी मी सीताबर्डीला, गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवून देणाऱ्या एका दुकानात गेलो.

"शेकर पाहिजे," मी म्हटलं. "हादरे देणारा."

"कारच्या सीटले लावता का घरी सोफ्याले?" दुकानदाराने विचारलं.

"आईसाठी पाहिजे."

त्याने हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. "आई डीजे हाये का, साहेब?"

मी खरं ते सांगितलं. तो ओशाळला आणि मग मनापासून सगळं काढून दाखवू लागला. दोन प्रकार होते. एक बास शेकर. त्याच्या आत जड वजन स्प्रिंगवर तोललेलं असतं, ते हलतं आणि ज्याला तो बोल्टने आवळला ते हलवतं. त्याला आवाज असा जवळजवळ नसतोच. सिनेमात स्फोट झाला की सोफ्यासकट माणूस हलतो, एवढंच त्याचं काम. दुसरा सरफेस ट्रान्सड्यूसर. तो ज्या फळीला लावाल ती फळीच स्पीकर होते. शेकर फक्त खर्ज जाणतो, ट्रान्सड्यूसर वरचे सूरही बऱ्यापैकी फळीत उतरवतो.

मी ढोलकीचा विचार केला. शेकर घेतला तर आईला नुसती धुम मिळेल, चाटीवरची, म्हणजे ढोलकीच्या बारीक आवाजाच्या तोंडावरची, बोटं मिळणार नाहीत. म्हणून ट्रान्सड्यूसर घ्यायचं ठरवलं. मग आठवडाभर संध्याकाळी बसून कोणता घ्यावा ते वाचत राहिलो. किती वॉट, किती ओहम, लहान अ‍ॅम्प्लिफायरवर चालेल का, फळी किती जाड असावी. शेवटी दोघांत निवड उरली तेव्हा ज्याचं चुंबक जास्त दमदार तो मी घेतला. हे वाक्य लिहितानाही माझा हात थांबतो. चुंबक जास्त दमदार, हा मला त्याचा गुण वाटला होता.

तो लावायचा कशाला, हा पुढचा प्रश्न. प्लास्टिकच्या खुर्चीला लावला तर ती माशी अडकल्यासारखी भणभणली. दिवाणाला लावला तर आत ठेवलेली लग्नकार्याची स्टीलची भांडी ताला-सुराशिवाय वाजू लागली. शेवटी जुना सागवानी पोळपाट सापडला. खाली दोन आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ट्रान्सड्यूसर मावेल बरोबर एवढी जागा. स्क्रू आवळताना स्क्रूड्रायव्हर आपोआप ओढला जाऊन टक्कन त्याला चिकटला. ओढून काढावा लागला. मला त्याचं कौतुक वाटलं.

बायको शाळेत शिकवते. तपासायच्या वह्या घेऊन ती दारात उभी होती. म्हणाली, "आता लाटण्याले पण वायर जोडा. जोडा तरी लागन."

मी पोळपाट आईच्या मांडीवर दिला आणि तिच्या मंडळाच्या एका जुन्या गाण्याचं रेकॉर्डिंग लावलं. तिने तळवे ठेवले. जरा थांबली. मग तिने पोळपाट उचलला आणि लहान लेकराला घ्यावं तसा छातीशी धरला, डाव्या अंगाला, त्याच्या काठावर हनुवटी टेकवून. सपाट बाजू छातीला, ट्रान्सड्यूसर बाहेर. मध्ये जेमतेम इंचभर सागवान.

"आली," ती म्हणाली. "चाट पण आली." मग थोड्या वेळाने, "हे कोण वाजवून राहिली? मी नोहो. घाई करते वं हे बाई." खरंच त्या दिवशी तिच्याऐवजी दुसऱ्या बाईने वाजवलं होतं.

मी रडलो, हे कबूल करतो. आणि लगेच मोबाइल काढून तिचा व्हिडिओ केला, हेही कबूल करतो. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. असा मुलगा सगळ्यांना मिळो, असं कोणी कोणी लिहिलं. ते मी दिवसभर पुन्हा पुन्हा उघडून वाचत होतो.

रोज संध्याकाळी, आणि मी कार्यालयात असताना दुपारीही, आई पोळपाट घेऊन बसू लागली. बटण कुठलं दाबायचं ते तिने शिकून घेतलं होतं. चौथ्या की पाचव्या दिवशी ती म्हणाली, "छातीत पाखरू फडफडल्यावानी होते कधी कधी." मी कागदावर लिहिलं, कधी होतं? ती म्हणाली, "गाणं आयकतो तवा. लय दिवसानं आयकून राहिलो ना, म्हणून होत असन." मला ते पटलं. मला ते आवडलंच. आनंदाने आईचं काळीज धडधडतं आणि तो आनंद मी दिला आहे, यापेक्षा दुसरं कारण मी शोधलंच नाही. उठताना तिला एकदोनदा अंधारी आली, तेव्हा मी उन्हाला दोष दिला. एप्रिल संपत आला होता.

पोळपाटाला आणखी एक ट्रान्सड्यूसर लावावा म्हणून मी एकदा जेवणाच्या सुट्टीत कार्यालयात बसून दुसऱ्या एका कंपनीची माहिती वाचत होतो. कशी जोडणी करायची त्याच्याही आधी, पहिल्याच पानावर चौकटीत सूचना होती. पेसमेकर असलेल्या व्यक्तींनी हे उपकरण शरीराजवळ आणू नये. आतमध्ये शक्तिशाली चुंबक आहे.

हातातला घास तसाच राहिला. आधी मला वाटलं, हे त्या कंपनीपुरतं असेल. मग टक्कन चिकटलेला तो स्क्रूड्रायव्हर आठवला. फ्रिजवरचे पोपट आठवले. मी घरी फोन लावला. दोनदा रिंग गेल्यावर लक्षात आलं की बायको शाळेत आहे आणि घरात एकटी आई आहे. तिच्या बाजूला फोन वाजत असेल आणि ती पोळपाट छातीशी धरून बसलेली असेल.

शेजारच्या काकूंचा नंबर माझ्याकडे होता. मी तो लावला नाही. जाऊन आईच्या हातातला पोळपाट काढा, असं म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कशाला? ते मला सांगायचं नव्हतं. आई मरत असेल असं वाटत असतानाही मला माझी लाज वाचवायची होती. मी स्कूटर काढली. रस्त्यावर माणूस नव्हतं, दुपारच्या उन्हामुळे सिग्नल बंद होते, डांबर मऊ झालं होतं. मी मोठ्याने आई, आई म्हणत चालवत होतो, जसं काही तिला ऐकू जाणार होतं.

ती फरशीवर बसून तूर निवडत होती. पोळपाट तिच्या मागे भिंतीला टेकवलेला. मला त्या वेळी आलेला पाहून म्हणाली, "काहून गा? तब्येत बरी नाही काय?"

मी मान हलवली. पोळपाट उचलला, वायर काढली आणि कागदावर लिहिलं, जळालं आहे. दुरुस्त करावं लागेल. बायको आल्यावर तिलाही हेच सांगितलं. पोळपाट माझ्या खोलीतल्या कपाटावर, बॅगांच्या मागे ठेवून दिला.

पुढचे पाच दिवस मी भ्यालो तसा आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो. पेसमेकर बिघडला असेल का? बिघडला तर तो कळेल कसा, की एक दिवस नुसता थांबेल? दवाखान्यात तपासणीची तारीख महिन्याभराने होती. मी कधीही आधी जाऊ शकत होतो, पण तिथे विचारलं असतं की काय झालं. मी काही ना काही निमित्त काढून आईचं मनगट धरायचो आणि घड्याळ पाहून ठोके मोजायचो. ती दुपारी झोपली की दारात उभा राहून तिच्या लुगड्याची घडी वर-खाली होते का ते पाहायचो. ती संध्याकाळी विचारायची, "झालं काय गा दुरुस्त?" मी नाही म्हणायचो. चौथ्या दिवशी तिने विचारणंही सोडलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

शनिवारी सुट्टी होती. मी सकाळी कळमन्याच्या बाजारात आंब्याची पेटी आणायला गेलो. परत आलो तेव्हा बायको मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. माझ्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून गाण्याची बारीक, लाकडी गुणगुण येत होती.

आई माझ्या खुर्चीत बसली होती. पोळपाट छातीशी. मान पुढे पडलेली, हनुवटी त्याच्या काठावर, डोळे मिटलेले, हात सैल. कपाटाजवळ स्टूल होतं. त्यावर चढून तिने तो काढला होता. तिने बटण दाबून पाहिलं असणार आणि तो जळालेला नाही हे तिला कळलं असणार.

मी हाक मारली. तिने डोळे उघडले नाहीत. ऐकू न येणारं माणूस हाकेने डोळे उघडत नाही, हे मला माहीत होतं, आणि तरीही त्या हाकेनंतरचा क्षण मी कधी विसरणार नाही. ती ऐकत नव्हती की ती नव्हती, हे हाकेवरून कळायला मार्ग नव्हता. पुढे होऊन तिला हात लावायला हवा होता. माझा हात उठेना. आंब्याची पेटी कधी खाली टाकली, मला आठवत नाही. शेवटी मी तिच्या खांद्याला धरलं.

तिने डोळे उघडले. "काहून घाबरवून राहिला गा? अंतरा चालू हाये."

मी पोळपाट हिसकावून घेतला. ती रागाने उठायला गेली आणि तशीच झोकांडली. भिंतीला हात लावून उभी राहिली, दुसरा हात छातीवर. पेटी पडल्याच्या आवाजाने बायको धावत आली होती. तिने आईला पलंगावर बसवलं. पाणी दिलं. दोघी माझ्याकडे पाहू लागल्या.

भिंतीवरच्या कॅलेंडरचं सरलेलं पान फाडून मी मागे लिहिलं. अक्षरं मोठी, शाळेतल्या मुलासारखी आली. यात मोठं चुंबक आहे. तुझ्या छातीतल्या यंत्राला यानेच त्रास होतो. चूक माझी आहे.

आईने पान लांब धरून वाचलं. "चुंबक म्हणजे? ते फ्रिजवरचे काढले, ते?"

मी मान हलवली.

"तुले कधी मालूम झालं?"

बोलून थाप मारणं सोपं असतं. लिहायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात समोरचं माणूस तुमच्या तोंडाकडे पाहत असतं. मी लिहिलं, पाच दिवस झाले.

"आन् तू म्हणाला, जळालं."

"मलेही हेच सांगितलं यांनी," बायको हळूच म्हणाली. तिचा आवाज मला नीट ऐकू आला.

आईने ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "मले सांगतलं असतं तं मीच दूर धरला असता ना गा. मी बहिरी हाये, येडी नाही."

मी तिच्या पायाशी बसलो. तिने माझ्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. पानाची घडी घातली, आपल्या बटव्यात ठेवली आणि बायकोला म्हणाली, "दवाखान्यात कधी नेतं वं मले?"

सोमवारी आम्ही तिघं गेलो. पेसमेकर तपासणारी मुलगी जेमतेम पंचविशीची होती. तिने विचारलं, "काही त्रास?" मी तोंड उघडलं आणि चक्कर, ऊन, असे शब्द बाहेर येऊ लागले. अजूनही. आईला माझे शब्द ऐकू येत नव्हते, पण माझा चेहरा तिने पाहिला असावा. तिने बटव्यातून ते पान काढलं आणि त्या मुलीच्या हातात दिलं.

मुलीने वाचलं. माझ्याकडे पाहिलं. आईच्या छातीवर वायर जोडलेली एक चकती ठेवून ती संगणकाकडे वळली. पडद्यावर रेघा सरकत होत्या. त्यातलं मला काही कळत नव्हतं. मी फक्त तिच्या भुवया पाहत होतो. एकदा त्या जवळ आल्या. तिने मागे जाऊन काहीतरी पुन्हा पाहिलं.

"यंत्र ठीक आहे," ती शेवटी म्हणाली. "बॅटरी, वायर, सगळं. चुंबक लागलं की हे आपलं नेहमीचं काम सोडून ठरलेल्या वेगाने ठोके देत राहतं. हृदय स्वतः काय करतंय ते पाहत नाही. चुंबक दूर गेलं की पुन्हा नेहमीसारखं. म्हणून त्यांना धडधड होत होती. असं बऱ्याच वेळा झालेलं दिसतंय."

"आता धोका नाही ना?" मी विचारलं.

"या वेळी काही झालं नाही," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी होणार नाही असं मी म्हणू शकत नाही."

आईने मला कोपराने ढोसलं. "काय म्हणते?"

मी शेवटच्या वाक्यासकट सगळं लिहिलं. आईने वाचलं आणि त्या मुलीलाच विचारलं, "म्हणजे गाणं बंद काय, बाई?"

मुलीने हसून नाही म्हणून मान हलवली. स्वतःचा पंजा पसरून आपल्या छातीसमोर धरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. एवढं अंतर हवं, नेहमी.

माझं मन विचाराल तर मला ते सगळंच घराबाहेर काढायचं होतं. आईला गाणं न मिळता ती सुरक्षित राहिली असती तर मी सुखाने झोपलो असतो. मी तसं लिहूनही दाखवलं. ती म्हणाली, "भेव तुले हाये. माह्यं काहून बंद करतं?"

मग या वेळी निवड तिने केली. मी शेकर आणला आणि एका जाड फळीखाली बोल्टने आवळून तिच्या पायांखाली दिला. चुंबक तिच्या छातीपासून खूप दूर, मला तोच बरा वाटत होता. ती दोन गाणी ऐकून म्हणाली, "हे रेल्वे गेल्यावानी लागते. यात बाई कुठं हाये, गाणारी?" मी पोळपाट परत काढला. तो एका चौरंगावर असा घट्ट बसवला की कोणालाही उचलता येऊ नये. आईने खुर्ची पुढे-मागे केली, आपली वीत छाती आणि लाकूड यांच्यामध्ये धरून पाहिली, आणखी चार बोटं मागे सरकली आणि दोन्ही तळवे पोळपाटावर ठेवले.

"छातीत येत नाही," ती म्हणाली. "पण हातात येते. चालते."

आता रोज संध्याकाळी ती गाणं लावते आणि मी समोर पलंगावर बसतो. ती डोळे मिटते. मी मिटत नाही. धृपदाला ती ताठ असते. अंतरा आला की तिची पाठ हळूहळू वाकू लागते, तिला कळतही नाही. चेहरा तळव्यांकडे झुकत जातो आणि ते अंतर माझ्या डोळ्यांदेखत कमी होत जातं. बहुतेक वेळा ती आपणहून थांबते आणि मागे सरते. कधी कधी थांबत नाही. तेव्हा मी उठतो आणि तिच्या खांद्याला हात लावतो, आणि तो हात लागून तिने डोळे उघडेपर्यंत माझा श्वास थांबलेला असतो.